गेटवरचा माणूस अंदमानला जातो

नारळ घेताना माझे सासरे अनंता शेलार तो आधी स्वतःच्या कानाशी हलवतात, मग दुकानदाराच्या कानाशी हलवतात आणि शेवटी भलताच तिसरा उचलतात. गॅसचा सिलिंडर आला की आणणाऱ्याला उभं करून वजन करून घेतात. माझं लग्न ठरण्याआधी ते आमच्या गावात येऊन ‘मीटर बघायला आलोय’ असं सांगून चार घरी माझी चौकशी करून गेले होते. हे मला कुणी चुगली करून सांगितलेलं नाही, त्यांनीच सांगितलं, तेही अभिमानानं. मीही काही गप्प बसणाऱ्यातली नाही, त्यामुळे खारबावच्या आमच्या घरात दिवसाआड एक तरी खटका उडतोच.

त्यांचा तरी काय दोष म्हणा. वळ गावच्या एका गोदामाच्या गेटवर त्यांची सव्वीस वर्षं गेली. ट्रक आला की त्याच्या दाराचं सील बघायचं, सीलचा नंबर कागदावरच्या नंबराशी ताडायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा आणि मगच फाटक उघडायचं. ड्रायव्हर हिंदीत कितीही गोड बोलला तरी बाबा हलायचे नाहीत. “सील तुटलं म्हंजे माल गेलाच असं न्हाय,” ते सांगायचे, “पन सील धड हाय म्हंजे माल हाय, असंबी न्हाय.” गेल्या वर्षी ते निवृत्त झाले आणि ही सगळी नजर घराकडे वळली. दूधवाला, मीटरवाला, मी, कुणी सुटलं नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी माझ्या नवऱ्याच्या, सागरच्या, इन्स्टाग्रामवर एका अनोळखी मुलीचा मेसेज आला. अवघड काही आलं की सागर ते माझ्याकडे सरकवतो, तसं त्यानं तेही सरकवलं. मेसेज हिंदीत होता. तिचं नाव क्षितिजा, राहते अंदमानात, रंगत नावाच्या गावाजवळ. वडिलांचं नाव सुभाष, मूळ गाव वज्रेश्वरीजवळ. तुळजाबुआ, म्हणजे तिची आत्या, तुमच्याच आई ना, असं तिनं विचारलं होतं. फेब्रुवारीत तिचं लग्न होतं आणि बुआनं यावं अशी तिची फार इच्छा होती. पप्पांना यातलं काही सांगू नका, फोनही करू नका, बुआला एकदम त्यांच्यासमोर उभं करायचंय, असं शेवटी लिहिलं होतं.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांना मी आईच म्हणते. त्यांचा हात परातीत तसाच राहिला, कारण आमच्या घरात सुभाषमामा वारलेले होते.

सुभाषमामा आईंचे धाकटे भाऊ. नव्व्याण्णव साली रस्त्याच्या कामावर मशीन चालवायला म्हणून अंदमानला गेले आणि मग त्यांचा काही पत्ताच लागला नाही. पहिली काही वर्षं आई भाऊबीजेला चंद्राला ओवाळायच्या. भाऊ जवळ नसला की बायका चंद्रालाच भाऊ मानून ओवाळतात, तसं. मग दोन हजार चारच्या डिसेंबरात त्सुनामी आली. टीव्हीवर अंदमानची दृश्यं बघून आई दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यांनी वर्षभर वाट बघितली, आणि पुढच्या सर्वपित्री अमावास्येला आपल्या आईवडिलांच्या पानांशेजारी भावाचंही पान मांडलं. माहेरी करणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ही पानं आमच्याच घरी मांडली जायची. ती कावळ्यासाठी पत्र्यावर ठेवायला दरवर्षी बाबाच शिडी चढायचे. लग्न होऊन आल्यापासून सहा वेळा ती शिडी मी धरली आहे.

“जिवंत मानसाचं पान मांडलं गं मी,” आई म्हणाल्या. “वीस वर्सं.” त्यांचा चेहरा असा झाला होता की मला भीती वाटली. मग त्यांनी हात धुतले, पदर खोचला आणि सांगून टाकलं, “मी जानार. त्याला माझ्या हातानं ओवाळल्याबिगर ह्यो दोष फिटायचा न्हाय.” माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कधी कुठे जायचं म्हटलेलं मला आठवत नाही. वज्रेश्वरीच्या जत्रेलासुद्धा कुणी नेलं तर त्या जायच्या.

बाबा पडवीत बसून सगळं ऐकत होते. “मेलेली मानसं इन्स्टाग्रामवर येतात का?” ते म्हणाले.

मला वाटलं, झालं सुरू. आणि खरंच सुरू झालं. ही कुणीतरी टोळी असणार, आधी नातं काढतात आणि मग ओटीपी मागतात, असं त्यांचं म्हणणं. मी क्षितिजाकडे मामांचा फोटो मागितला. तिनं पाठवला. पांढऱ्या केसांचा एक माणूस सुपारी सोलत बसला होता. आईंनी फोटो बोटांनी मोठा केला आणि त्या रडायलाच लागल्या. “ह्यो बघ अंगठा. लहानपनी रहाटात सापडला व्हता, तवापासून वाकडा हाय.”

“अंगठा कुनाचाबी वाकडा असतो,” बाबा म्हणाले. “आनि आता फोटो काय, आख्खा मानूस खोटा बनवतात.”

आठ दिवसांनी त्यांनी बाजू बदलली. बरं, भाऊ खरा असेल, पण इतक्या वर्षांनी आठवण कशी आली? वज्रेश्वरीकडच्या जागेला आता भाव आलाय, बहिणीची सही पाहिजे असणार. आणि बापाला न सांगता पोरगी परस्पर बोलावते, हे कसलं लग्न? शेवटचा मुद्दा मलाही थोडा खटकला होता, खोटं कशाला सांगू. पण आईंनी तोवर ओवाळायचं नवं निरांजन आणून ठेवलं होतं. त्या कुणाचं ऐकण्याच्या पलीकडे गेल्या होत्या.

मग बाबांनी रस्त्यावर संशय घ्यायला सुरुवात केली. मी फोनवर बेत आखत होते आणि ते गेटवरच्यासारखी एक लांबडी वही घेऊन समोर बसायचे. मुंबईहून चेन्नई, चेन्नईहून पोर्ट ब्लेअर, तिथून रंगत. मी बोटीचं म्हटलं तर म्हणाले, चेन्नईहून बोट तीन दिवस घेते, समुद्रात तीन दिवस कोण कुणाला विचारणार? विमानाचं म्हटलं तर म्हणाले, मधे बदलायचं कशाला, ब्याग तिकडे आणि आपण इकडे. पोर्ट ब्लेअरहून रंगतला खासगी गाडी करू म्हटलं, तर ड्रायव्हर कोण, त्याला झोप किती वाजता लागते? शेवटी सरकारी बस ठरली, कारण तिला निदान दोन माणसं जबाबदार असतात. वाटेत जारवा लोकांचं राखीव जंगल लागतं, तिथे गाड्या एकट्या सोडत नाहीत, ठरलेल्या वेळी एकामागून एक रांगेनं नेतात, थांबायचं नाही आणि फोटो काढायचा नाही, हे वाचून मात्र ते पहिल्यांदा खूश झाले. “कोनतरी अक्कलवाला हाय तिथं,” ते म्हणाले. नंतर खाडी येते, तिथे बस तराफ्यासारख्या मोठ्या बोटीवर चढवतात. खाडीत मगरी आहेत हे त्यांनी स्वतः शोधून काढलं आणि ठळक अक्षरात लिहून ठेवलं. जानेवारी संपेपर्यंत त्यांना त्या बेटाचा रस्ता तोंडपाठ झाला. आळीतली माणसं अंदमानबद्दल विचारायला आली की ते उतारे, फाटे आणि वेळा धडाधड सांगायचे.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. जो माणूस ट्रकच्या क्लीनरलाही तुझा बाप काय करतो म्हणून विचारायचा, तो क्षितिजाशी एक अक्षर बोलायला तयार नव्हता. तिचा फोन आला की बाबा मागच्या दारी कढीपत्त्याला पाणी घालायला निघून जायचे. त्या महिन्यात कढीपत्ता पाण्यानं कुजला.

मग एके दिवशी दुपारी क्षितिजानं मला विचारलं, “भाभी, बुआ अभी भी नाराज़ हैं क्या पापा से?”

मी आईंना विचारलं, तुम्ही मामांवर रागावला होता का कधी? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “मेलेल्या मानसावर कोन रागावतं?”

आता संशय घ्यायची पाळी माझी होती. मी वळ गावातच दुसऱ्या एका गोदामात बिलिंगला आहे. तिथल्या बसस्टॉपसमोर चहाच्या टपरीवर भूपेशकाका भेटतात, जे बाबांसोबत गेटवर वीस वर्षं होते. त्या काळी आमच्या घरी फोन नव्हता, सगळे निरोप गेटवरच्या फोनवर यायचे. मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, काका, पूर्वी गेटवर अंदमानहून कुणाचा फोन यायचा का?

“त्यो अंदमानवाला ना?” भूपेशकाका लगेच म्हणाले. “दर भाऊबीजेला घंटी वाजायची, मग धा-एक वर्सांमागं बंद झाली. अनंता आमाला उचलू द्यायचा न्हाय. बोलायचा, माझा हाय. लांबचा कोन तरी वळखीचा व्हता त्याचा.”

संध्याकाळी बाबा खारबाव स्टेशनच्या बाकावर बसतात. तिथून मालगाड्या जातात, आणि ते प्रत्येक डब्याच्या दाराचं सील शाबूत आहे का बघत असतात. कुणी सांगितलेलं नाही, सवय आहे म्हणून. मी जाऊन शेजारी बसले आणि म्हटलं, “बाबा, सुभाषमामांचे फोन तुम्ही आईंना का दिले नाहीत?”

एक अख्खी मालगाडी निघून गेली. त्यांनी एकाही डब्याकडे बघितलं नाही.

“पयल्याच फोनला म्हनाला, बायची सही लागंल, जागेच्या कागदावर,” ते म्हणाले. बाय म्हणजे मोठी बहीण. “मला वाटलं, ह्यो जागा घशात घालनार. म्हनून मी सांगितलं, ती तुझ्यावर रागावलीय, बोलनार न्हाय.”

“आणि पुढचे फोन?”

“पुढं त्यानं सहीचं नावबी न्हाय काढलं. नुसता नमस्कार सांगा म्हनायचा. पन आदल्या फोनचं सांगितल्याबिगर पुढचा कसा देऊ? आनि आदल्याचं सांगायला तोंड कुठं व्हतं?”

“आणि पान? ते जिवंत आहेत हे माहीत असून तुम्ही शिडी चढत होतात?”

“मी वर त्याचं नाव न्हाय घ्यायचो,” बाबा म्हणाले. “नुसतं पान ठेवून उतरायचो.”

मला इतका राग आला की मी उठून उभी राहिले. आणि त्याच वेळी मला दिसलं की हा माणूस सगळ्या जगावर संशय घेता घेता स्वतःच्याच घरात चोर होऊन बसलाय, आणि हे त्याला पुरतं ठाऊक आहे. मी म्हटलं, मी आत्ताच्या आत्ता आईंना सांगते. त्यांनी माझा हात धरला. सासऱ्यांनी सुनेचा हात धरावा असं आमच्याकडे होत नाही. “माझ्या तोंडानं सांगू दे. जायच्या वाटेत सांगतो. तिला त्याच्याकडनं कळलं तर ती मला कदी माफ करनार न्हाय.”

मी त्यांना मुदत दिली. रंगतच्या स्टॉपवर पाय ठेवायच्या आत. नाही सांगितलं तर मी सांगेन.

सागरला रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही तिघंच निघालो. निघताना बाबांनी आईंच्या बॅगेला गोदामातलं नंबरवालं सील ठोकलं आणि नंबर वहीत लिहिला. विमानतळावर बॅग उघडायला सांगितली तेव्हा ते तोडायला पक्कड शोधून आणावी लागली. आतून निघालं काय, तर निरांजन आणि फुलवातींचा डबा. तपासणारी बाई हसली. आईंनी मात्र डबा पुन्हा नीट गुंडाळून ठेवला.

वहीत बाबांनी काही ठिकाणांभोवती गोल काढले होते. ते गोल कशाचे, हे फक्त मला माहीत होतं. पहिला गोल चेन्नईच्या विमानतळावर होता. तिथे ते म्हणाले, लोक फार आहेत. दुसरा पोर्ट ब्लेअरला, समुद्रकाठी. तिथे लोक नव्हते. पाणी इतकं नितळ होतं की आईंना स्वतःच्या पावलांची बोटं दिसत होती. चपला हातात घेऊन त्या गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि लहान मुलीसारख्या हसत होत्या. मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, “आत्ता नको गं, जरा हसू दे तिला.” मला ते पटलं, हीच माझी चूक झाली.

रंगतची बस पहाटे सुटते. तिकडे उजाडतंही लवकर. राखीव जंगलाच्या फाटकापाशी गाड्यांची मोठी रांग लागली होती आणि पुढे सोडायला वेळ होता. तिसरा गोल इथला. बाबा उतरले, प्रत्येक गाडीच्या मागच्या दाराकडे नजर टाकत रांगेच्या टोकापर्यंत गेले आणि परत येऊन जागेवर बसले. फाटक उघडलं. मग दोन्ही बाजूंना असं दाट जंगल सुरू झालं की आपलं तानसाचं रान त्यापुढे काहीच नाही. झाडांवर झाडं, त्यांच्यावर वेली, आणि वर कुठेतरी ऊन. आई खिडकीला कपाळ टेकवून बसल्या होत्या. “इतक्या हिरव्यात राहतो माझा भाऊ,” त्या म्हणाल्या. “आनि मी त्याला बुडालेला समजत व्हते.”

चौथा आणि शेवटचा गोल खाडीवर होता. बस बोटीवर चढली, आम्ही खाली उतरून कठड्याशी उभे राहिलो. मी मुद्दाम लांब जाऊन उभी राहिले, पण कान तिकडेच होते.

“तुळजा,” बाबा म्हणाले, “एक सांगायचं व्हतं.”

“सांगा की.”

बाबांनी घसा खाकरला. पलीकडचा काठ जवळ येत होता. “ह्या पान्यात मगरी असतात,” ते म्हणाले.

पुढे पूल आला, सुपारीच्या बागा आल्या, भाताची खाचरं आली, आणि दुपारी रंगत आलं. मी ठरवलं होतं त्याप्रमाणे तोंड उघडलं, पण बसच्या पायरीशीच क्षितिजा उभी होती. तिनं आईंना जी मिठी मारली ती सोडवायला मला जमलं नाही. मुदत बाबांची संपली होती, पण गप्प मीही राहिले. दोष एकट्या त्यांना कशाला देऊ.

मामांचं घर गावापासून थोडं आत होतं. अंगणात मांडव घालत होते आणि पांढऱ्या केसांचे मामा स्वतः बांबूला दोरी बांधत होते. क्षितिजानं “पापा” म्हणून हाक मारली. ते वळले आणि हातातली दोरी तशीच घेऊन उभे राहिले. आईंनी एक शब्द बोलू दिला नाही. मला तिथेच निरांजन लावायला सांगितलं, भावाला खुर्चीवर बसवलं, कुंकू लावलं आणि ओवाळलं. आणि मग त्यांनी ताट माझ्या हातात देऊन भावाच्या खांद्यावर, पाठीवर, दोन्ही हातांनी गुद्दे मारायला सुरुवात केली.

“एक फोन करायला काय झालं व्हतं तुला? एक फोन! मेला की जगला कळवायचं न्हाय?”

मामांना आधी काही समजलंच नाही. मग त्यांनी मान वर केली आणि आईंच्या मागे उभ्या असलेल्या बाबांकडे बघितलं. बाबांची नजर जमिनीवर होती.

“चुकलं, बाय,” सुभाषमामा म्हणाले. “माझंच चुकलं. मीच न्हाय केला.”

त्यावर आईंनी त्यांना आणखी दोन गुद्दे घातले आणि गळ्यात पडून रडल्या. पाहुणे डोळे पुसत होते. मी बाबांना घराच्या बाजूला नेलं. मला वाटलं, त्यांना सुटल्यासारखं वाटत असेल. पण त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या.

“त्यानं मला का वाचवलं?” ते कुजबुजले. “पूर्वा, ह्यात काय तरी हाय. काय पायजे असंल त्याला?”

“बाबा,” मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला, “एखादा माणूस चांगला असू शकतो!”

“येवढा?” बाबा म्हणाले.

ते विचारत होते, टोमणा नव्हता तो. संध्याकाळपर्यंत ते मामांच्या मागे मागे होते. मामांनी खुर्ची दिली तर ती का दिली, नारळाचं पाणी आधी त्यांनाच का दिलं, सगळं ते ताडून बघत होते. शेवटी विहिरीपाशी त्यांनी मामांना गाठलंच. मी तिथेच भांडी विसळत होते.

“कशाला खोटं बोललास तू?”

“लग्नाचं घर हाय, भावोजी,” मामा म्हणाले. त्यांच्या मराठीत आता हिंदीचा हेल आला होता. “और बाय आता ह्या वयात नवरा बदलनार काय? तिला घरी तुमच्यासोबतच जायचंय. मी चार दिवस वाईट झालो तर काय बिघडलं?”

सील, नंबर, कागद, सगळं जुळत होतं, आणि तरी बाबांना फाटक उघडता येत नव्हतं, असं मला वाटलं. मग ते वळले आणि सरळ मांडवात गेले. आई तिथे शेजारच्या बंगाली बायकांसोबत नारळ खवत बसल्या होत्या.

“सुभाषनं फोन केले व्हते,” बाबा उभ्या उभ्या म्हणाले. “गेटवर. मी तुला दिले न्हाईत. त्याला सांगितलं, तू रागावलीस म्हनून.”

आईंचं खवणं थांबलं. बायकांना मराठी कळत नव्हतं, त्यांचं खवणं चालूच राहिलं.

“किती फोन?”

“सतरा.”

त्यांनी आकडा कसा लगेच सांगितला, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. आईंनी विळी बाजूला केली. “सांगा,” त्या म्हणाल्या. “पयल्यापासून.”

आणि बाबांनी सांगितले. रजिस्टर वाचून दाखवावं तसे, एकामागून एक, साल सांगून. पहिला सहीचा. दुसऱ्यात नुसता नमस्कार. तिसऱ्यात लग्न केलं म्हणून सांगितलं, मुलगी रांचीकडची, आता इथलीच. चौथ्यात मुलगी झाली, आणि नाव आत्यानं ठेवायचं असतं म्हणून बायला विचारा, असं मामा म्हणाले होते.

“मग?”

“दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्ना केला, त्यो पाचवा. मीच सांगितलं, क्षितिजा ठेव म्हनते. एका ट्रकच्या मागं लिवलेलं व्हतं.”

आईंनी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला मेंदी काढत बसलेल्या भाचीकडे बघितलं.

पाचवा सांगून झाल्यावर बाबा थांबले. मी तेवढ्यात तिथे पोचले होते, आणि सहावा कुठला असणार हे माझ्या लक्षात आलं.

“सांगा,” आई म्हणाल्या.

“त्सुनामीनंतर आठव्या दिवशी. छावनीतून केला व्हता, मागं लाइन व्हती. म्हनाला, घर पडलं, पन आम्ही तिघं जिवंत हाय. बायला लवकर सांगा, ती रडत असंल.”

“मी रडत व्हते,” आई म्हणाल्या.

“व्हय.”

“तुम्ही समोर बसला व्हता. ताट पुढं सरकवलं व्हतं तुम्ही. जेव म्हनाला व्हता.”

“व्हय.”

“पुन्ना सांगा. त्यो काय म्हनाला ते. त्याच्याच शब्दांत.”

बाबांनी पुन्हा सांगितलं. आईंनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगताना बाबांचा आवाज फुटला. मला त्यांची कीव आली आणि त्या किवेचाही राग आला. आई त्यांच्याकडे बघत होत्या, पण त्यांना ते दिसत होते की नाही, सांगता येत नाही. उरलेले अकरा फोनही त्यांनी ऐकून घेतले. मामी वारल्याचा एक होता त्यात. शेवटी त्या उठल्या आणि खोबऱ्याचं भरलेलं ताट घेऊन स्वयंपाकघराकडे निघाल्या.

“मी हितंच राहनार,” जाता जाता त्या म्हणाल्या. “भाऊबीज करीन आनि मग बघीन. तुम्ही पूर्वासंगं जा.”

भाऊबीज नऊ महिन्यांवर होती. बाबांनी कशाला, कोण आणून सोडणार, काहीच विचारलं नाही.

लग्न छान झालं. आत्या म्हणून क्षितिजामागे आई उभ्या होत्या आणि बाबा मांडवाच्या कडेला चपला सांभाळत बसले होते. चौथ्या दिवशी आम्ही दोघं परतीच्या बसमध्ये चढलो. मामा सोडायला आले होते. आई आल्या नव्हत्या, घरी पाहुण्यांचं जेवण होतं म्हणे. बस सुटली, बागा संपल्या, पूल गेला, पुन्हा खाडीवर बोट आली. बाबांनी वही काढली नाही. कठड्याशी उभं राहून ते बराच वेळ पाण्याकडे बघत होते.

“पूर्वा,” ते म्हणाले, “ती येईल ना गं?”

माझ्याकडे एरवी त्यांना द्यायला उत्तर तयार असतं. “मला माहीत नाही, बाबा,” मी म्हटलं, कारण मला खरंच माहीत नव्हतं.